कुठवर आलं?

बाबा,

काल तुमची नात पेढे घेऊन आली होती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी झाली. तिचं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालं. तुम्ही माझ्यासाठी आणलेल्या लोखंडी खुर्चीवर मांडी घालून बसली आणि तोंडात पेढा असतानाच म्हणाली, "आत्या, तुझं कशावर होतं गं? कुठवर आलं होतं?" अगदी सहज विचारलं तिने. मी चहा टाकते म्हणून आत गेले, आणि चहा उकळून उतू गेला तरी ओट्यापाशी उभी राहिले. बाहेर येऊन तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं. पण हा प्रश्न मुळात तुमचा होता, म्हणून त्याचं उत्तर तुम्हालाच लिहायला बसले आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझा एम.ए.चा निकाल लागला, आणि बरोबरीच्या मुली बँकेच्या, टेलिफोनच्या परीक्षांना बसायला लागल्या. मी घरात म्हटलं, मला संशोधन करायचंय. आईच्या हातातलं लाटणं थांबलं नाही, तिने नुसतं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही अंबरनाथहून फर्स्ट शिफ्ट करून आला होता, मोरीत हात धूत होता. तुमच्या कंपनीत कपड्यांचे रंग बनायचे आणि कितीही साबण लावला तरी तुमच्या नखांच्या कडा निळ्या नाहीतर लाल असायच्या. "त्यात पगार असतो का?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, नसतो, मिळाली तर थोडी स्कॉलरशिप. हात पुसत तुम्ही भिंतीवरच्या तसबिरीकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "मग कर. पगाराचं मी बघतो."

पुढच्याच सुट्टीला तुम्ही मला आपल्या उल्हासनगरातच कॅम्प एकला घेऊन गेलात, तुमच्या ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे. "साईं, बेटी किताबवाली डॉक्टर बनने वाली है. कुर्सी मजबूत देना, बीच में टूटनी नहीं मंगता." तो हसून म्हणाला, "अरे साईं, बेटी बुढ्ढी हो जाएगी, कुर्सी नहीं टूटेगी." तुम्ही ती सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधलीत आणि आपण दोघं चालत कॅम्प चारपर्यंत आलो, तुम्ही हँडल धरून आणि मी मागून खुर्ची धरून. बॅरेकमधल्या दोन खोल्यांत ती ठेवायला जागाच नव्हती. शेवटी आईने मडक्याची तिवई बाहेर गॅलरीत काढली आणि स्वयंपाकघरात, रॉकेलच्या डब्याशेजारी, माझं संशोधन सुरू झालं.

सुरू झालं म्हणते खरी, पण काय सुरू झालं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. माझ्या गाईड मॅडमनी पहिल्या भेटीत विचारलं, "विषय काय घेताय?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "उल्हासनगर." त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "बाई, हा विषय नाही, हे शहर आहे," म्हणाल्या. त्यातून रडतखडत एक विषय निघाला: घरी बसून जीन्सच्या पँटींचे धागे कापणाऱ्या बायका. आपल्या मागच्या बॅरेकीत दारोदारी ते ढीग असायचे, त्यामुळे मला वाटलं, हे तर सोपंच आहे, उद्या जाऊन चार प्रश्न विचारते. मॅडम म्हणाल्या, "आत्ता कोणाला काही विचारायचं नाही. आधी वाचायचं. किती? मी थांब म्हणेपर्यंत." आणि त्यांनी इंग्रजी पुस्तकांची अशी काही यादी दिली की ती उतरवून घ्यायला वहीची चार पानं लागली.

बाबा, हे मी तुम्हाला तेव्हा कधी सांगितलं नाही. मला त्या पुस्तकांतलं निम्मं कळत नव्हतं. एक पान वाचायला सकाळ जायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा परकं वाटायचं. लायब्ररीत शेजारी बसणारी मुलं भराभरा पानं उलटायची आणि मी उगाचच पेन्सिलीला टोक काढत बसायचे. आपण चुकून इथे आलोय, आज ना उद्या कोणीतरी खांद्यावर हात ठेवून 'चला, उठा' म्हणेल, अशी धाकधूक सारखी असायची. वर तुम्ही साऱ्या बॅरेकीला सांगून ठेवलेलं. नळावर पाणी भरायला गेले तरी बायका मला पुढे सोडायच्या. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

आणि तुमचा तो प्रश्न. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर पुस्तक घेऊन बसलेली आहे. तुमची नाइट संपली आहे, सायकल लावल्याचा आवाज येतो, चपला काढल्याचा येतो. तुम्ही दारात उभे राहता, डबा ओट्यावर ठेवायच्याही आधी विचारता, "काय पोरी, कुठवर आलं?" मी म्हणते, "चाललंय." तुम्ही तसेच उभे. "म्हणजे कुठवर?" "वाचतेय अजून." तुम्ही मान हलवता आणि आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबता. नाइटहून आलात की विचारायचं, फर्स्टहून आलात की विचारायचं. मला वाटायचं, हा माणूस माझ्याकडून रोजचा हिशेब मागतोय.

एका सकाळी माझा तोल गेला. आदल्याच दिवशी मॅडमनी माझी पहिली दहा पानं परत केली होती, "यात तुम्ही कुठे आहात?" एवढंच विचारून. तुम्ही दारात आलात, तोंड उघडलंत, आणि मी ताडकन उठले. "बाबा, ही काय तुमची कंपनी आहे का, रोज माल बाहेर पडायला? तुम्हाला यातलं काही कळत नाही. मला पुन्हा हे विचारायचं नाही." आई म्हणाली, "अगं, बापाशी बोलतेयस." तुम्ही डबा ओट्यावर ठेवलात. "बरं," म्हणालात. रागावलात असंही वाटलं नाही. हात धुवायला मोरीकडे गेलात.

मला वाटलं होतं, दोन दिवस गप्प राहाल आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे राहाल. पण तुम्ही शब्दाचे इतके पक्के असाल याची मला कल्पना नव्हती. तुम्ही पुन्हा कधीच विचारलं नाहीत, आणि वर दुसऱ्यांनाही विचारू दिलं नाहीत. हेंद्रेपाड्याला नात्यातल्या एका लग्नात मामाने पंगतीतच मला हाक मारली, "काय डॉक्टरीणबाई, कुठवर आली तुमची गाडी?" तर तुम्ही हातातलं पातेलं घेऊन मध्ये आलात. "तिला नको विचारू. मोठं काम आहे ते, त्याला वेळ लागतो. तू भात घे." मामा हिरमुसला. मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची.

पुढे माझं काम खरंच रांगेला लागलं. वाचनाला मॅडमनी एकदाचं 'थांब' म्हटलं, मी मागच्या बॅरेकीतल्या बायकांमध्ये जाऊन बसायला लागले, त्यांच्याबरोबर धागे कापता कापता बोलायला लागले. त्या काय बोलतात ते मला कळत होतं, आणि ते कळतंय हेही कळत होतं. पहिलं प्रकरण लिहून झालं. मॅडमनी ते वाचून शेवटी "पुढे चला" असं लिहून दिलं. ते कागद घेऊन मी घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात एकटेच चहा पीत बसला होता. मी कागद तुमच्यासमोर, अगदी बशीला लागून ठेवले आणि मुद्दाम भांडी लावत बसले. मला वाटत होतं, आता तरी विचारा. नुसतं वर बघा, मी सगळं सांगते. तुम्ही कागदांकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. ओठ हलले तुमचे. मग म्हणालात, "चहात साखर जास्त झालीय का गं? बघ जरा." मी घोट घेतला आणि म्हटलं, "नाही, बरोबर आहे." माझाही हट्ट असा की विचारल्याशिवाय सांगायचं नाही. वडिलांकडून घेतलेलाच हट्ट तो, आणखी कुठून आणणार?

मग आपण बदलापूरला, कात्रपला राहायला गेलो. तीन खोल्यांतली एक तुम्ही माझ्या अभ्यासाला दिलीत. त्या खोलीला दार होतं. तुम्ही कामावरून यायचात, दाराबाहेर तुमची पावलं क्षणभर थांबायची आणि पुढे जायची. मी आत पेन उचलून धरलेलं असायचं. एकदाही मी उठून दार उघडलं नाही, बाबा. याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं त्या सकाळच्या बोलण्याचंही वाटत नाही. त्याच खोलीत दुसरं प्रकरण झालं, तिसरं सुरू झालं. आणि एका दुपारी, सेकंड शिफ्टला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता तुम्ही बसल्या जागी कलंडलात.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या प्लँटवरचे लोक आले होते. त्यात बदलापूरजवळच्या गावातले ते ठेंगणे काका होते, वर्षानुवर्षं आपली शिफ्ट संपली की तुम्हाला चार्ज देणारे. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. "पोरी, तुजा बापूस आला ना, की आमाला सुटल्यासारखं वाटायचं," म्हणाले. मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. रंगाची बॅच एका शिफ्टमध्ये होत नाही, ती चढवून माणूस घरी जातो आणि पुढचा ती सांभाळतो. "कोन कोन तर येतान न् डायरेक बाकड्यावर बसतान. तुजा बापूस हातातला डबापन खाली ठेवाचा नाय. पयला इचारायचा, कुठवर आलं? आपन सांगायचं, इतकी तापलीय, इतकी बाकी हाय, हितं जरा भ्या वाटतंय. तो सगलं ऐकून घ्यायचा न् बोलायचा, बरं. जा तू आता. झालं. मग ती बॅच त्याची. आपन हात धुवून घरी जायचं, निवांत झोपायचं."

ते डोळे पुसून उठून गेले तरी मी तिथेच बसून होते. इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्ही हिशेब मागताय. तुम्ही तर चार्ज घ्यायला दारात उभे राहत होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, इंग्रजी कळत नाही, भीती वाटते. तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं, पण तुम्ही म्हणाला असता, "बरं." आणि मी त्या रात्री झोपले असते.

आता उत्तर. बाबा, तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर आलं होतं. तुम्ही गेल्यावर मी त्याला हात लावला, नाही असं नाही. पण लिहायला बसले की दाराबाहेर कोणी थांबत नसे, आणि मला पुढचं वाक्य सुचत नसे. मग ज्युनियर कॉलेजात नोकरी लागली, मॅडम निवृत्त झाल्या, रजिस्ट्रेशनची मुदत गेली. बरीच वर्षं मी लोकांना 'चालू आहे' म्हणून सांगत होते, पुढे लोकांनीच विचारणं सोडलं. तो दुकानदार मात्र खरं बोलला. मी म्हातारी झाले, खुर्ची अजून टणक आहे. काल तुमची नात जाताना मी ती तिला देऊन टाकली.

तिसऱ्याच्या मध्यावर, बाबा. तिथून पुढे मला भीती वाटली.