वन्सं, तुमच्या डब्याबद्दल

प्लेनो, १२ ऑक्टोबर

ती. वसुधावन्सं यांस,

वाकून नमस्कार (गुडघे वाकतील तेवढा). नेपरव्हिलला थंडी सुरू झाली असेल, खोकला कसा आहे? आम्ही दोघं ठीक.

तुमचा स्टीलचा डबा अजून का आला नाही, असं फोनवर तीनदा विचारलंत. (लग्नातला, तुमचं नाव कोरलेला, मी विसरलेले नाही, विसरू दिलंय कुणी?) तर ऐका. विनय आणि सूनबाई नैना आम्हांला वॉशिंग्टन राज्याच्या पार टोकाला, समुद्राकाठी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत घेऊन गेले. "निवांत बसायचं, आई!" निवांत कसलं! झाडांच्या मुळांवरून अर्धा तास चिखल तुडवला, तेव्हा कड्याखाली तो हिरवा समुद्र दिसला. (दिसला मात्र असा, की दहा मिनिटं मी कुणालाच काही बोलले नाही. तुमचे बंधुराज घाबरले.)

परतताना फोनला रेंज नाही, वाट चुकलो. एका अंगणात माझ्याच वयाची बाई सीडर झाडाच्या सालीची टोपली विणत होती. नाव मेबल. तिची पणजीही तिथेच बसून विणायची म्हणे. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तिने विचारलं. या देशातल्या चाळीस वर्षांत या प्रश्नावर मी प्रथमच चिडले नाही. तो विचारायचा हक्क असलेलं माणूस प्रथमच भेटलं होतं. तिने चहा दिला, मी डब्यातले तुमच्या हातचे बेसनलाडू पुढे केले. तिने चार खाल्ले, उरलेले नातवंडांसाठी काढून घेतले आणि निघताना डबा भरून परत दिला. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही रीत त्यांच्यातही आहे, वन्सं! माझे डोळे भरून आले. मग झाकण उघडलं. आत, तुमच्या सोवळ्या डब्यात, धुरावर सुकवलेला सॅमन मासा.

प्रेमाने दिलेलं नाकारणं हा उद्धटपणा, असं आमच्या शाळेतल्या सिस्टर फिलोमिनांनी छडीने शिकवलंय. मी "थँक यू" म्हणून डबा मांडीवर घेतला.

तुमची,
अहिल्या

ता. क. डबा चिंचेने सात वेळा घासून, तीन दिवस उन्हात ठेवून पाठवते आहे. (रिकामा नाही, चिवडा आहे.) मासा विनयने संपवला.

ता. क. २. डबा कृपया फेकू नये. लाडवांनी भरून सोबतच्या पत्त्यावर मेबलला पाठवावा. मी शब्द देऊन बसले आहे. आत चिठ्ठी मात्र घालू नये. लाडू कुणी केले, हे सांगायचं राहून गेलं, आणि डब्यावरचं नाव तिला माझंच वाटतं.

ता. क. ३. माशाबद्दल तुमचे बंधुराज वेगळं काही सांगणार नाहीत. त्यांनी माझ्यापेक्षा दोन तुकडे जास्त खाल्ले.