चार वाजताची चावडी

३ नोव्हेंबर
नोकरीचा पहिला दिवस आणि मी खूश आहे. सकाळी तळेगावहून लोकल धरली. लोणावळ्याला उतरून चिक्कीच्या दुकानांवरून पंधरा मिनिटं चाललं की हा बंगला येतो. पाटीवर नाव आहे 'ते दिवस'. आत व्हॉल्वचे रेडिओ, लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही, हातानं रंगवलेली सिनेमाची पोस्टरं आणि भिंतभर कॅसेटी. लोक पुण्या-मुंबईहून येतात, एखाद्या रेडिओच्या बटणावरून बोट फिरवतात आणि डोळे पुसतात. त्यांना वस्तूंच्या गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. दर चौदा एप्रिलला तळेगावात भाषण करणाऱ्या बाईला यापेक्षा सोपी नोकरी कोणती मिळणार?

मालक सुहास सर पन्नाशीचे आणि फार सभ्य आहेत. मला 'यशोधराताई' म्हणतात. मी त्यांना सांगून टाकलं की जुनी गाणी मला जीव की प्राण आहेत, पण जुना काळ मला नको. ही दोन वेगळी करता येतात का, असं त्यांनी हसत विचारलं. मी म्हटलं, का नाही? आंबा गोड लागला म्हणून त्या बागेत सालगडी व्हायचं नसतं.

५ नोव्हेंबर
आज मागची खोली पाहिली. तिथे गावची चावडी उभी केली आहे. सतरंजी, कंदील आणि मधोमध ग्रामपंचायतीचा मोठा रेडिओ. एका खऱ्या चावडीतून तो आणला, आणि तिथली दगडी पायरीही उचलून आणून दाराशी बसवली आहे. रोज चार वाजता सुहास सर रेडिओच्या पेटीमागे लपवलेला प्लेअर लावतात. आधी गाणी, मग हवामान, मग शेतीचा सल्ला. लोक अर्धा तास गुंगून बसतात.

गावाचं नाव ऐकून मी दचकले. ते आमचंच जुनं गाव. इथे नाव लिहीत नाही, कारण गाव आता बदललंय.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. कारखान्यातून निवृत्त झालेला माझा हा बाप सहसा गप्प असतो, पण आज बराच वेळ बोलत राहिला. आजोबा त्यांना खांद्यावर घेऊन हाच रेडिओ ऐकायला जायचे. चावडीत नाही. आपल्या लोकांनी चिंचेच्या पलीकडे उभं राहायचं. आबा म्हणाले, "वारा आपल्याकडं आसला की गाणं यायचं, फिरला की ग्येलं. एकबी गाणं आमी पुरं ऐकलं न्हाई, पोरी."

त्यांना यायचंय. आत, सतरंजीवर, अगदी रेडिओपुढे बसून एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचंय. मी म्हटलं, रविवारी सोळाला चला. मीच तुम्हाला हात धरून बसवेन.

९ नोव्हेंबर
एक गोष्ट खटकते आहे. चावडीत लोक वाटेल तसे बसत नाहीत. न सांगता वयस्क पुरुष पुढे जातात, बायका मागे भिंतीला टेकतात आणि डोक्यावर ओढण्या घेतात. आज तर जीन्स घातलेल्या एका मुलीनं रुमाल घेतला. दाराजवळची जागा मात्र रोज मोकळी राहते.

आणि प्लेअर दुरुस्तीला गेलाय. परवाच गेला. तरीही चार वाजता रेडिओ वाजला. सुहास सरांना विचारलं तर म्हणाले, वाजतोय ना, मग झालं.

मी पायरीवर उभी राहून ऐकत होते. गाणं संपल्यावर निवेदकाचा तो गोड, भारदस्त आवाज आला. बाहेरच्यांनी पायरी सोडून उभं राहावं, असं तो म्हणाला. मी मनात म्हटलं, सोडत नाही. खाली पाहिलं तर माझे पाय पायरीखाली होते. मी उतरल्याचं मला आठवत नाही.

११ नोव्हेंबर
सुहास सरांचा मोबाईल दोन दिवस टेबलावर बंद पडून आहे. आज त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तू कुणापैकी गं?" मग माझ्या कपात वरून, अंतर राखून चहा ओतला. चेहऱ्यावर राग नव्हता, तिरस्कार नव्हता. सवय होती. तिलाच मी भ्याले.

झाडलोट करणाऱ्या सरुबाईंना विचारलं. त्या आमच्या जुन्या गावच्याच, पाटलांच्या भावकीतल्या. म्हणाल्या, "मनावर घिऊ नगं. त्या पेटीम्होरं बसलं की मानूस तवाचा हुतो. मी कापूस घालून झाडते, ह्ये बग." दोन्ही कानांतले बोळे त्यांनी दाखवले. वर सुनावलं, "आन् तू लय शानी! भाषनं ठोकती, पर कानाला कापूस सुचंना व्हय? जा तुज्या घरी."

मी जाणार नाही. माझ्या आजोबांना लांब उभं करणाऱ्या काळाला लोक इथे डोळ्यांत पाणी आणून 'किती छान' म्हणतात. तो काळ परत आला असेल तर त्याच्याशी भांडायला कुणीतरी हजर पाहिजे.

१३ नोव्हेंबर
भर दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटीची पाठ उघडली. आत काही नाही. व्हॉल्व नाही, तार नाही. नुसतं लाकूड. तरीही ते ऊबदार होतं, आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखं.

आबांना सांगितलं, येऊ नका. का, ते नीट सांगता आलं नाही. त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला टाकलाय.

१६ नोव्हेंबर
आबा एकटेच आले. मी पुढच्या दालनात लोकांशी बोलत होते. पळत गेले तेव्हा चार वाजून गेले होते.

ते पायरीखाली उभे होते. आपणहून. हात जोडलेले, मान खाली, आणि हसत होते. मी दंड धरून आत ओढलं. म्हटलं, आबा, तुमची जागा मध्ये आहे. त्यांनी माझा हात हळूच सोडवला. "नगं. हितंच बरं हाय. वारा आपल्याकडं हाय."

त्या बंद खोलीत वारा कुठला?

गाणं अर्ध्यावर विरलं. आतले सगळे माना डोलावत राहिले, त्यांना ते पुरं ऐकू येत होतं. आबांचं हसू मावळलं. माझ्या कानांतही काही नव्हतं.

१७ नोव्हेंबर
आबा सोफ्यावर बसत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वतःच्या घरात दाराशी, चपलांजवळ बसलेत. मला म्हणाले, हळू बोल, चावडीपत्तुर जाईल. हा माणूस कारखान्याच्या गेटवर साहेबाशी खड्या आवाजात भांडलेला मी पाहिलाय.

माझा बाप मी त्या पेटीला देणार नाही. नाही म्हणजे नाही.

१८ नोव्हेंबर
चारच्या आधीच सतरंजीच्या मधोमध जाऊन बसले. रेडिओ सुरू होताच बोलू लागले. पाणी, पाटी, शाळा, छप्पन्न साल, सगळं काढलं. विचारलं, तुमच्या त्या गोड दिवसांत माझा आजा कुठे उभा होता, सांगा! कुणी चिडलं नाही. सगळे माझ्याकडे मायेनं बघत होते, लहान मूल हट्ट करत असल्यासारखं.

मग पेटीतून एक बाई बोलू लागली. पायरी सोडा, म्हणाली. मी ओळखला तो आवाज — माझा होता.

तोंड उघडलं. नुसती हवा.

१९ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले घसा ठीक आहे. आवाज नाही. बोलायचं ते वहीतच.

आबा रोज दुपारची लोकल धरतात. मी त्यांच्या कानांत कापूस घातला तर त्यांनी काढून टाकला. गाणं पुरं व्हायचंय, म्हणाले. आबा बाहेर राहिले तर गाणं कधीच पुरं होणार नाही — आणि ते वाट बघत तसेच —

उद्या मीही जाते.

२० नोव्हेंबर
चारला पाच कमी. आत आहे. मधोमध. मांडी घातली आहे.
आबा पायरीखाली. मान खाली.

सुरू झालं.
माझाच आवाज. पायरी सोडा. पायरी सो — नाही. पाय आपोआप उचलले जातायत. गुडघ्यांवर एक हात दाबून बसले आहे. दुसऱ्यानं लिहिते.

लोक वळून बघतायत. सगळे हसतायत. सुहास सर म्हणतात, ऊठ गं. नाही उठत.

पानभर अक्षर काढलं — आबा, आत या. पान फाडून त्यांच्याकडे धरलं.
बघत नाहीत.
पुन्हा धरलं. नाही उठणार. हात भरून आला तरी —

आबांनी मान वर केली. वाचतायत. ओठ हलतायत.
मोठ्यानं! आबा मोठ्यानं वाचतायत. खोलीभर. पेटी चढ्या आवाजात — ते त्याहून चढ्या — गेटवरचा आवाज —

कुणीतरी वही ओढतंय. सोडत नाही. आबांनी चप्पल काढली. पाय उचलला. पायरीव