सर्व्हरला भूक लागली

८ जानेवारी, दुपार
आज नको ते केलं. सर्व्हरच्या डोक्यावरचं हिरवं पाकीट खाल्लं. सगळं. शेवटी पाकीट उलटं करून चुरासुद्धा तोंडात ओतला.

दोष माझा नाही. जेवायच्या सुट्टीत पेइ-वेन ताईने मला सर्व्हरच्या खोलीत धूळ पुसायला पाठवलं. उपाशी माणसाच्या नाकासमोर नारळाच्या चवीचे मक्याचे पफ. छळ आहे हा.

ताईने पहिल्याच दिवशी दम दिला होता, "हे पाकीट आहे म्हणून मशीन गुणी बाळासारखं चालतंय. हिरवंच लागतं. पिवळं ठेवलंस तर रुसतं, लाल ठेवलंस तर जीव सोडतं. तारीख उलटू द्यायची नाही. आणि खायचा तर विचारही करायचा नाही, कळलं?"

कळलं होतं.

पाकिटात तोंडाने हवा भरली, कोपऱ्याला टेप लावली, परत ठेवलं. आधीपेक्षा गुबगुबीत दिसतंय.

९ जानेवारी
सर्व्हर मस्त चालू. म्हणजे पाकिटाचं सगळं थोतांड. विज्ञान जिंकलं.

संकल्प: आजपासून माउसला हात लावायचा नाही. सगळं काळ्या खिडकीत टाइप करून. महिनाअखेरीला ल्याओ साहेब ठरवणार मला पक्का करायचं की घरी पाठवायचं. माउस धरणाऱ्या पोराला कोण पक्का करेल?

आईला मी पक्का झालो म्हणून आधीच सांगून टाकलंय. होणारच आहे, मग उशीर कशाला. तिने चांद्र नव्या वर्षाच्या जेवणाला थोरल्या मामाला बोलावलंय, खास मला बघायला.

९ जानेवारी, संध्याकाळ
माउसला हात लावला. एकदाच. दुपारभर.

१३ जानेवारी
टीप सापडली: कंट्रोल आणि आर दाबायचं, जुन्या कमांडचं एखादं अक्षर मारायचं, अख्खी कमांड परत हजर. मशीन सगळं लक्षात ठेवतं. किती गुणी! आपण विसरलो तरी चालतं.

दुसरी टीप: लांब कमांडला आपल्या मनासारखं छोटं नाव देता येतं. त्याला एलिअस म्हणतात. लगेच वापरली. समोर बसणारा झोंग-हान, म्हणजे आमचा हान्या, दिवसातून शंभरदा सर्व्हरवर 'एलएस' मारतो, फायलींची यादी बघायला. मी सर्व्हरवर त्या 'एलएस'लाच नवीन काम लावून दिलं. आता यादी येणार नाही. फक्त एक ओळ येणार: "भूक लागलीय."

हान्याचं तोंड बघायला मी टपून बसलोय.

१४ जानेवारी
हान्या आजारी. रजेवर. माझं नशीबच फुटकं.

१५ जानेवारी
मोठं काम! ताई म्हणाली, सर्व्हरवर जुन्या नोंदींचा ढीग साचलाय, तो रोज आपोआप साफ होईल अशी स्क्रिप्ट लिही. साहेबांना दाखवू.

स्क्रिप्ट दोन ओळींची. पहिली: नोंदींच्या फोल्डरमध्ये जा. दुसरी: तिथलं सगळं उडव. लोक यासाठी कॉलेजात चार वर्षं घालवतात. मी दुसऱ्या वर्षी सोडलं ते बरंच झालं.

माझ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. लोण्यासारखी.

ताई म्हणाली, "उडवायच्या ओळीपुढे आधी 'एको' लाव. काय काय उडेल ते नुसतं छापून येतं. बघ, मग खरं चालव."
मी हो म्हटलं.
"आणि दोन ओळी 'आणि'ने जोड. दोनदा 'अँड'चं चिन्ह. पहिली जमली तरच दुसरी चालेल."
मी परत हो म्हटलं.

नाही लावलं. नाही जोडलं. ताई फार भित्री आहे. ही बाई हिरव्या पाकिटाला नमस्कार करते, तिचं किती ऐकायचं?

१६ जानेवारी, सकाळ
स्क्रिप्ट सर्व्हरवर टाकली. क्रॉन लावला, म्हणजे रोज सकाळी दहाला आपोआप चालेल. आजच देवळांच्या दिव्यांचं बुकिंगही उघडतंय. नव्या वर्षी देवळात आपल्या नावाचा दिवा लावायला अख्खं ताइचुंग शहर आमच्या साइटवर येतं. तेव्हाच माझी स्क्रिप्ट झाडू मारणार. साहेब खूश.

१६ जानेवारी, साडेदहा
साइट गेली. पार गेली. फोन थांबत नाहीत. हान्या आजच रजेवरून आलाय, आल्याआल्या फोनवर. एक आजी त्याला ओरडली, "माझ्या नातवाचा दिवा विझवलात की रे मेल्यांनो!"

हे पाकिटामुळेच. थोतांड नव्हतं. मी मेलो.

१६ जानेवारी, दुपार
सगळं लिहून टाकतो.

ल्याओ साहेब स्वतः सर्व्हरसमोर बसले. आम्ही सगळे मागे. किती फायली उरल्यात बघायला त्यांनी 'एलएस' मारलं.

सर्व्हर म्हणाला: "भूक लागलीय."

साहेबांनी परत मारलं. "भूक लागलीय." साहेब पांढरेफटक. म्हणाले, "पेइ-वेन, पाकीट बघ."

तिने उचललं. पाकीट हलकं. फुग्यासारखं.
"रिकामं आहे," ती म्हणाली.
हान्या म्हणाला, "सर्व्हरनेच खाल्लं की काय?"
"तू गप्प बस रे!" साहेब ओरडले.

सगळे फोन घ्यायला पळाले तेव्हा मी खोलीत एकटा. टेप काढली. कोपरा दातांनी कुरतडला. प्लॅस्टिकची चव अजून तोंडात आहे.

१६ जानेवारी, संध्याकाळ
ताईला कोपरा दिसला. "उंदीर!" सगळ्यांना पटलं. मी सुटलो.

बॅकअपवरून साइट उभी राहिली. फक्त आज सकाळची बुकिंगं गेली. ताई सर्व्हरसमोर बसून काहीतरी वाचतेय. मला काय त्याचं. उंदरावर आलंय सगळं.

१९ जानेवारी
ताईने बोलावलं. साहेब शेजारी.

झालं असं की नोंदींचं ते फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर होतं, सर्व्हरवर त्या जागी नव्हतंच. पहिली ओळ फसली. दुसरी ओळ जिथे उभी होती तिथेच झाडू मारत सुटली, आणि ती उभी होती साइटच्या घरात. फक्त टिंबाने सुरू होणाऱ्या फायली बचावल्या, कारण झाडूला त्या दिसत नाहीत. त्यातल्याच एकीत माझा एलिअस. दुसरीत मी मारलेली प्रत्येक कमांड, ओळीने. मशीन सगळं लक्षात ठेवतं.

मी म्हटलं, "ताई, उंदीर—"
"उंदीर क्रॉन लावतो का रे, युन-जे?"

मला वाटलं, आता पिशवी भरायची. पण साहेब हसले. म्हणाले, "पोरा, मी तर एकदा गिऱ्हाइकाचा अख्खा डेटाबेस उडवलाय." ताई म्हणाली, तिने दोनदा. हान्या म्हणाला, "आज आलास तू आमच्यात!" आणि पाठीत धपाटा घातला.

नोकरी गेली नाही. पक्कीही नाही. आणखी तीन महिने बघणार. मामाला म्हणेन, साहेबांना माझ्यावर बारीक लक्ष ठेवायचंय. खोटं नाही ते.

मग इतकं माफ झालंच आहे तर पाकिटाचंही सांगून टाकू म्हणून तोंड उघडलं, तोच साहेब उठले. हसू गायब. म्हणाले, "स्क्रिप्ट चुकते. सगळ्यांची चुकते. पण तो उंदीर मला पाहिजे. पाकिटाला तोंड लावणाऱ्याला या इमारतीत जागा नाही."

मी तोंड मिटलं.

२० जानेवारी
सर्व्हरवर नवीन हिरवं पाकीट. साहेबांनी स्वतः दोन हातांनी ठेवलं. ताई, हान्या, सगळ्यांनी मान लववली. मी सगळ्यात खाली लववली.

खोलीत चार पिंजरे. आत भाजलेलं रताळं. उंदीर पकडायची जबाबदारी माझ्यावर. पक्कं करायचं की नाही हे त्यावर बघू, असं साहेब म्हणाले.

जेवायची सुट्टी संपत आली. मी इथे खोलीत बसलोय, उंदराची वाट बघत. रताळ्याचा वास सुटलाय. पिंजऱ्यातलं एक आत्ताच संपलं.

वही, तुझ्या पाया पडतो. स्क्रिप्टचं सगळ्या जगाला सांग. पाकिटाचं कुणाला सांगू नको. रताळ्याचंही नको.