गिटारची मान, माझी मूठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

अंगठा गेला! म्हणजे जागेवर आहे, पण तिसऱ्या गाण्यानंतर कुणीतरी आतून पिळायला लागतं. आज दोन ठिकाणी चुकले. दादा गाता गाता वळून बघत राहिला – भरल्या हॉलसमोर! सख्खा भाऊ! नंतर वायरी गुंडाळताना म्हणतो, "झेपत नसेल तर सांग. टोपीवाला तयार आहे."

टोपीवाला म्हणजे तो नवा गिटारवाला. सरावाला येऊन कोपऱ्यात बसतो, नुसता माझ्या बोटांकडे बघतो. गिधाड.

मार्चपासून हॉटेलात वाजवायचं काम. आठवड्यातून चार संध्याकाळी, सहा महिने. अठरा वर्षं या बँडमध्ये खपले आणि आता मलाच "झेपत नसेल तर"!

४ फेब्रुवारी

डॉक्टर. अंगठ्याच्या मुळाशी सूज. "हाताचं काम काय करता?" दिवसा दातांच्या कवळ्या बनवते, संध्याकाळी गिटार. "दोन्हीतलं एक कमी करा." काय अक्कल! मग म्हणाले, "निदान पकड बदला. नाहीतर सुई."

पकड कशी बदलणार? दोष माझा नाहीच. दोष त्या गिटारचा. दादाची जुनी. त्याचे पंजे फावड्याएवढे, त्याच्या हाताला बघून घेतलेली. तिची मान – सगळे नेक म्हणतात तिला, डावी मूठ जिच्याभोवती फिरते तो लांब दांडा – कुऱ्हाडीच्या दांड्याएवढी जाड. माझा हात आईवर गेलाय. एवढासा. अठरा वर्षं दुसऱ्याच्या चपला घालून चालतेय आणि वर हळू चालते म्हणून बोलणी खातेय.

नेक बदलायची. ठरलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

वाद्यांच्या दुकानात. विक्रेता गोड गोड. "मॅडम, लेडीजसाठी हीच चालते." ती नेक त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली. तरी घेतली! पातळ, चपटी, मागून आरशासारखी चकचकीत. "विजेसारखी पळते बघा." चार स्क्रू काढून जुनी उतरवली, नवी चढवली. जुनी पिशवीत घालून दिली. मेलेल्या कोंबडीसारखी पिशवीतून लोंबत होती घरापर्यंत.

८ फेब्रुवारी

पळते खरी. एक तास. मग अंगठ्यापासून कोपरापर्यंत पेटलं. पाण्याचा पेला उचलला, तो सुटून फुटला. काचा गोळा करतानाही डावा हात खिशात.

९ फेब्रुवारी

कवळी घासताना एका दाताला चरा पडला. कुणी बघितलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी भुशाकडे जावंच लागलं.

भुसा म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे गिटारी दुरुस्त करणारा म्हातारा. भुवयांवर सदा लाकडाचा भुसा. पंधरा वर्षांपूर्वी माझी गिटार परत देताना चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "ही वाजवतात की हिच्यावर कपडे धुतात?" तेव्हापासून त्याची पायरी चढले नव्हते. गिटारही कुणाला दाखवली नव्हती. आज चढले. दुसरा कुणी नाही ना गावात!

ओळखलंन का? माहीत नाही. पातळ नेक बघून म्हणाला, "ही कुणी गळ्यात मारली तुमच्या?"

म्हटलं, माझा हात लहान आहे.

"लहान माणसाला काय बारीक खुर्ची देतात? पाय टेकले म्हणजे झालं. इथे अंगठा टेकायलाच जागा नाही. दोन तास चिमटा धरून बसा कुणी, दुखणार नाही तर काय!"

म्हटलं, मग जाड नेकवर का दुखायचं? त्यावर माझा हात पालथा केला, उलथा केला, बाजारात मासा बघतात तसा. "जुनी कुठाय? आणा. दोन्ही ठेवून जा."

"ठेवा" नाही, "जमेल का" नाही. हुकूम! घरी जाऊन जुनी आणून दिली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मला सुचलंय! तोंडाचा साचा घ्यायची पेस्ट. रोज शंभर वेळा हाताखालून जाते. एका लाकडी पट्टीभोवती जाडसर थापली, डोळे मिटले, नेहमीच्या गाण्याचा नेहमीचा कॉर्ड धरला, चारही बोटं तारांवर असल्यासारखी दाबून. तीन मिनिटांत घट्ट झाली. माझ्या मुठीची आतली बाजू, बोटांच्या रेघांसकट! आता भुशाने याच मापाची कोरायची. बोलायला तोंडच उरणार नाही त्याला.

१७ फेब्रुवारी

उरलं!

साचा बराच वेळ फिरवला. चष्मा काढला, परत घातला. मग म्हणतो, "बाई, ही वाजवायची पकड नाही. ही कुणाचा तरी गळा धरायची पकड आहे."

कुणाचा, विचारलं.

"ते मला काय ठाऊक!"

अंगठ्याचा खड्डा दाखवला. बोट अर्ध्यापर्यंत आत गेलं त्याचं. त्याच्या हातातून साचा हिसकावून घेतला आणि निघाले. दार आपटलं. दार सायकलवाल्याचं निघालं, तोही ओरडला.

संध्याकाळी – घरी येऊन साचा टेबलावर ठेवला आणि बघत बसले. म्हातारी माणसं साचा देताना घाबरून दात आवळतात. मीच सांगते ना त्यांना, आजी, जबडा सैल सोडा, आवळून दिलेल्या साच्याची कवळी बसत नाही. जन्मभर टोचते.

कचऱ्यात टाकला. पण भुशाला हे सांगणार नाही. मेले तरी नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सरावाला गेले तर माझ्या जागेवर टोपीवाला! माझा स्पीकर, माझं स्टूल. दादा म्हणाला, "तू बस आज. हात सांभाळ."

मग जे सुटलं माझं तोंड! बाबा गेल्यापासून तूच सगळं ठरवतोस. गाणी तू ठरवतोस, कपडे तू ठरवतोस, आता मी कधी मरायचं तेही ठरव. टोपीवाल्याने टोपी काढली आणि परत घातली. ड्रमवाला बाहेर निघून गेला.

दादा ओरडला नाही. याचाच जास्त राग आला. "तुला काय पाहिजे ते एकदा नीट सांग गं," एवढंच.

माझी जागा!

"बरं," म्हणाला. आणि दिली. वाजवायला गिटार कुठे होती माझ्याजवळ? ती भुशाकडे! टोपीवाल्याची उसनी घेऊन वाजवली. त्याच्याकडून घेताना जीव गेला. त्याने पट्टा माझ्या उंचीला लावून दिला, न विचारता. चांगुलपणा दाखवायचाय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. दार हळू लावलं.

भुशाने चार गिटारी कापडाखाली मांडल्या होत्या, चारींवर वेगवेगळ्या नेक. माझ्या डोळ्यांवर स्वतःचा पंचा बांधला – वार्निशचा वास! – आणि म्हणाला, "नाव नाही, रंग नाही. वाजवा, पुढची मागा."

पहिली पातळ. दोन मिनिटांत ओळखली, दिली परत. दुसरी ठीक, पण वरच्या बाजूला कड बोचायची. चौथी गोल, बरी, जरा गुळगुळीत, तळवा चिकटायचा. तिसरी – तिसऱ्यावर विसरलेच की मी निवडायला आलेय. मागची बाजू कोरडी, धुतलेल्या पाटासारखी. अंगठा आपोआप मागे टेकला आणि तिथेच राहिला. तारांवर बोट नुसतं ठेवलं तरी सूर स्वच्छ. त्याने दोनदा क्रम बदलून दिल्या. दोन्ही वेळा मी तीच उचलली.

हीच, म्हटलं. केवढ्याला ते सांगा, पण हीच.

पंचा सोडला. माझीच! दादाची. कुऱ्हाडीचा दांडा!

किंचाळलेच. विचारल्याशिवाय हात लावलात! माझ्या वस्तूला! म्हातारा पंचाची घडी घालत म्हणाला, "जाडी केसाएवढीही कमी केलेली नाही. मागचं वार्निश घासलं. कडा गोल केल्या. तारा खाली घेतल्या. एवढ्या उंच होत्या की खालून मांजर गेलं असतं. मरेस्तोवर दाबल्याशिवाय वाजणार कशा?"

पंधरा वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?

"सांगत होतो. तुम्ही ऐकायला थांबलात कुठे? गिटार ओढून घेतलीत आणि पसार."

ओळखलंन होतं म्हणजे. पहिल्या दिवसापासून!

आभार मानले नाहीत. काही शब्द निघता निघत नाहीत. निघताना ते पेस्टचं मात्र सांगितलं – दात आवळून दिलेल्या साच्याचं. तो हसला. भुवयांवरून भुसा पडला.

२८ फेब्रुवारी

रोज दोन तास. दुखत नाही. सुईची गरज नाही, डॉक्टर म्हणाले. बँडची गाणी सोडून काहीतरी हळू हळू वाजवत बसते. त्याला नाव नाही. शेजारीण भिंतीवर ठोकायची, ती ठोकत नाही.

३ मार्च, मंगळवार

हॉटेलची पहिली संध्याकाळ. तीन तास, हात ठणठणीत! जागा माझी. टोपीवाला मागे प्रेक्षकांत.

आणि एक भयंकर गोष्ट. अंगठा ठणकत नव्हता, म्हणून पहिल्यांदाच लक्ष गाण्यांकडे गेलं. तीच बावीस गाणी. तेच उसने हुंदके. दादा त्याच ठिकाणी हात वर करतो. मला यातलं एकही आवडत नाही. एकही! कधी आवडलं होतं तेही आठवेना. एवढी वर्षं मी यासाठी भांडले?

४ मार्च

आजही तेच. विसाव्या गाण्याला घड्याळ बघितलं. दादाने मला बघताना बघितलं.

५ मार्च, गुरुवार

हॉटेलच्या मागच्या जिन्यात दादाला सांगून टाकलं, मी सोडते. ओरडेल म्हणून भिंतीला टेकून उभी होते. तो पायरीवर बसला. बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, "दहा वर्षं झाली, मलाही नकोय हे. बाबांच्या मागे तुला एवढंच उरलं होतं, म्हणून ओढत होतो. टोपीवाल्याला आणला तो तू सुटावीस म्हणून – तर तू त्याच्याशीच भांडत बसलीस!" हॉटेल टोपीवाला आणि त्याची माणसं चालवतील. दादा घरी. मी घरी. हॉटेलच्या मॅनेजरला हे कोण सांगणार, यावरून आत्ताच फोनवर आमचं कडाक्याचं भांडण झालं.