रूपालीला ‘वहिनी’ म्हणायचं

११ ऑगस्ट, सोम.

लग्नाला तीन महिने झाले आणि घरातल्या एका माणसाला अजून हाक मारता येत नाही. माणूस म्हणजे रूपाली. मोठ्या दिरांची बायको, म्हणून माझी थोरली जाऊ. तिचं वय तेहेतीस, माझं चाळीस. मी कॉलेजात असताना ही सातवीतली पोर शिरवण्याच्या गावठाणातून चालत माझ्याकडे ट्यूशनला यायची. दोन वेण्या, नाक कायम वाहतं. लसावि-मसावि मी शिकवलाय हिला. आणि आता मी तिला ‘अहो वहिनी’ म्हणायचं आणि तिने मला ‘अगं मीरा’.

सासूबाईंचा (यापुढे सा.बा., एवढं लिहायला वेळ कोणाला आहे) कायदा: मान वयाला नसतो, नात्याला असतो. साताऱ्याची माणसं. नेरुळला तीस वर्षं झाली, तरी कायदा तिकडचाच.

शेखर हसतो. म्हणे, शब्दच तर आहे, म्हणून टाक. याला काय जातंय! हा दोघींनाही तू म्हणतो आणि वर चहा मागतो.

१३ ऑगस्ट

ऑफिसात आज साठीच्या साहेबांना चुकून ‘सर’ म्हटलं तर रागावले. आमच्या महापेच्या ऑफिसात सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची, म्हाताऱ्यालाही. तिथे बापाच्या वयाच्या माणसाला दिनेश म्हणायचं आणि घरी येऊन आपल्याच ट्यूशनच्या पोरीपुढे अहोजाहो. डोकं फिरेल एखाद्याचं.

हाक न मारता बोलायची युक्ती काढलीय. ओट्यावर चमचा वाजवायचा. रू. वळली की भिंतीकडे बघून म्हणायचं, ‘कुकर झाला वाटतं’, ‘डाळ संपत आलीय.’ आज सा.बां.नी पकडलंच. विचारलं, हवेशी बोलतेस का? मी म्हटलं, सवय आहे.

रू.ची पण पंचाईत होते. ‘मीरा’ म्हणताना अडखळते. एकदा ‘ताई’ निसटलं, तर सा.बां.नी दिवाणखान्यातून नुसतं खाकरलं.

१७ ऑगस्ट, रवि.

खारघरला गेलो होतो, सिनेमाला जातो सांगून. भाड्याचा वनबीएचके. रिकामा. खिडकीतून टेकडी दिसते. मी मुद्दाम मोठ्याने ‘अरे शेखर’ म्हणून ओरडले. किती महिन्यांनी! घरी त्यालाही अहो म्हणावं लागतं, दोन वर्षांनी लहान आहे तो माझ्याहून.

घरमालक गणपती होईपर्यंत थांबायला तयार आहे. पण पितृपक्षात सह्या नकोत म्हणतो, म्हणजे त्याच्या आत. शेखर तयार. घरी अजून सांगायचं नाही.

येताना एवढं हलकं वाटत होतं. लिफ्टचं दार उघडलं, आपला मजला आला, आणि छातीवर परत धोंडा.

२४ ऑगस्ट

गौरीला साताऱ्याकडचे पाहुणे येणार. सा.बां.नी आत्ताच बजावलंय, चार माणसांत नीट हाक मारायची. चाळिसाव्या वर्षी तोंडी परीक्षा. आंघोळ करताना पाठ करते, अहो वहिनी, अहो वहिनी. बाहेरून शेखर विचारतो, कोण आहे आत?

एकाच हॉलमधून चार वेळा जाताना चार वेळा कोणाच्या ना कोणाच्या समोर पदर, आवाज, शब्द सांभाळायचे. नको झालंय.

१ सप्टें., गौरीपूजन

झालं. नको तेच झालं.

घरात वीसेक माणसं. मी पुरणाशी, रू. पोळ्या लाटत होती. पुरण खाली लागायला लागलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रूपा, वेलदोडा दे गं पटकन, करपतंय!" अगदी ट्यूशनच्या आवाजात.

कराडच्या आत्तेसासूबाई दारातच होत्या. "धाकटी थोरलीला नावानं हाक मारती व्हय? शहरात असंच आसतंय का?" म्हणाल्या आणि हसल्या. बाकीच्या बायका पण हसल्या. मला वाटलं आता माझी खैर नाही.

पण सा.बा. मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या रू.ला, सगळ्यांच्या देखत. "चूक तुझी आहे. मान घ्यायला अंगात वजन लागतं. गावठाणातनं उचलून आणलेलीला कोण मान देणार?"

थोरल्या दिरांनी ऐकलं. पाटावर बसून अक्षता निवडत राहिले. शाबास.

रू.ने पोळी उलटली. गोल होती, एक बारीकसं भोकसुद्धा नाही.

२ सप्टें.

गौरी-गणपती गेले. पाहुणे दुपारीच निघाले.

रू. आतल्या खोलीत गौरींच्या साड्या घड्या करत होती. मी गेले, दुसरं टोक धरलं. सॉरी म्हटलं. मग म्हटलं की हे नाटक निदान आपण दोघीच असताना तरी बंद करू. तू रूपा, मी ताई, पहिल्यासारखं. मला वाटलं सुटेल बिचारी. हसेल.

ती म्हणाली, "नको. मला पाहिजे ते."

मला कळेना. मग सांगितलं तिने, घडी न थांबवता. शिरवण्यात त्यांच्याकडे कोणी कोणाला अहो म्हणत नाही. आईला तू, आजोबांना तू, सरपंचाला तू. त्यात कमीपणा नसतो. दहा वर्षांपूर्वी या घरात आली तेव्हा सा.बां.ना ‘तू जेवलीस का’ विचारलं, प्रेमाने. दोन दिवस कोणी बोललं नाही तिच्याशी. मग शिकली. सासूला अहो, नवऱ्याला अहो, दिराला अहो, कराडच्यांना अहो, वॉचमनलासुद्धा चुकून अहो. प्रेमलग्न केलं म्हणून माहेरी रडायची सोय नाही.

"मी सगळ्यांना अहो म्हणते, ताई. मला म्हणणारं या घरात कोणी नव्हतं. तुमचं लग्न ठरलं तेव्हा वाटलं, आता एक तरी माणूस…"

साडी माझ्या हातातून घेतली.

खरं लिहायचं तर मला आधी दया नाही आली, राग आला. म्हणजे माझा मान काढून हिला द्यायचा? माहेरी मी शेंडेफळ, पांढरे केस आले तरी सगळे ‘मीरे’च म्हणतात. जगात मला ताई म्हणणारी ही एकटी आहे. तीच म्हणते, ते सोड आणि मला वर बसव.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

३ सप्टें.

सकाळी म्हटलं. "वहिनी, दूध उतू जातंय."

खरंच जात होतं. ‘अहो’ काही जोडता आलं नाही. रू. ‘हो’ म्हणाली आणि गॅस बारीक केला. एवढंच. सा.बां.नी मात्र पेपर खाली घेऊन चष्म्यावरून बघितलं.

शेखरने पॅकर्सवाल्याला फोन केला, गॅलरीत उभं राहून. शनिवारी सह्या. सा.बां.ना सह्या झाल्यावरच सांगणार म्हणे. शूरवीर घराणं आहे.

मी खूश असायला हवं होतं.

५ सप्टें., शुक्र.

ऑफिसातून लवकर आले. रू.ची आई आली होती, पिशवीभर शेवग्याच्या शेंगा घेऊन. आत शिरताच विहिणीला, म्हणजे सा.बां.ना, म्हणाली, "ईनबाय, बरी हास ना गो?" सा.बां.चा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. ती बिचारी सोफ्याच्या अगदी कडेला बसली, चपला दाराबाहेर काढून. रू. नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारात उभी. आई बाहेर, लेक दारात, आणि मधे सा.बां.चा टीव्ही चालू.

मला काय झालं कोण जाणे. पर्स ठेवली आणि म्हटलं, "अहो वहिनी, तुम्ही बसा आईंजवळ. चहा मी टाकते."

सगळं आलं एका दमात.

रू. हलेना. मी परत म्हटलं, "बसा ना, वहिनी." मग बसली. त्या सोफ्यावर तिला तिच्या आईशेजारी बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तिची आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू तं आमचे रूपाची मास्तरीन ना गो?" मी हो म्हटलं. मग ती लेकीकडे वळून बघायला लागली, डोक्यापासून पायापर्यंत, पहिल्यांदाच बघावं तशी. आणि हळूच मागे टेकून बसली.

सा.बां.नी नुसता टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांचाच तर कायदा. मला इतकं बरं वाटलं की चहात साखर दोनदा पडली.

आई गेल्यावर रू. आत आली. मी शेंगा सोलत होते. तिने टीव्हीचा आवाज येतोय ना बघितलं आणि म्हणाली की खारघरचं कळलंय तिला, भाऊजी गॅलरीत फार मोठ्याने बोलतात. घाबरू नका, कोणाला सांगणार नाही. मी तोंड उघडलं तर हाताने थांबवलं.

"जाणार असाल तर आत्ताच सांगा, ताई. मला सवय लागायच्या आत."

मी शेंगा सोलत राहिले. तीही माझ्या शेजारी उभी राहून सोलायला लागली. सह्या उद्या सकाळी आहेत.