मावशीचा मागचा डावा पाय

प्रिय ठेंगू,

या नावाने तुला हाक मारून नऊ वर्षं झाली. पत्ता तुझ्या मामीकडून मिळवला. तिने मला दारातच उभं केलं आणि म्हणाली, "आता काय राहिलंय तुमच्या गावाचं आमच्याकडे?" मी तशीच उभी राहिले. शेवटी तिने कॅलेंडरचा कोपरा फाडून त्यावर पत्ता लिहून दिला. 'आत ये' मात्र म्हणाली नाही.

मी पदवीधर झाले. आमच्या घरात पहिलीच. आईने प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलंय. दूधवाला आला तरी त्याला आधी तिकडे बघावं लागतं, मग पातेलं पुढे येतं. मी नगरपालिकेत आवक-जावक टेबलावर बसते, शिक्के मारते आणि लोकांचे अर्ज दुरुस्त करून देते. सुरुवातीला वाटायचं, इथे बसून मी गाव बदलेन. हसू नकोस. वाटायचं खरं.

मावशी तीन वर्षांपूर्वी गेली. त्या दिवशी सगळ्या दुकानांची शटरं खाली होती. आता पंपहाउसच्या आवारात, जिथे ती बांधलेली असायची तिथे, तिचा सोंड उचललेला दगडी पुतळा उभा राहतोय. त्याखालच्या फलकाचा मजकूर लिहायचं काम अध्यक्षसाहेबांनी मला दिलं. म्हणाले, "मावशीला सांभाळणाऱ्याची पोरगी, त्यात शिकलेली. तुझ्याशिवाय कोण लिहिणार?" मी इतकी हरखले की घरी धावतच गेले.

गावाची गोष्ट तुला पाठ आहे, नको तितकी पाठ आहे. तरी मी पहिल्या कच्च्या मसुद्यात लिहिली तशीच इथे लिहिते. सर्कस आली होती, मिरवणूक तुमच्या दुकानासमोर थांबली. गादीवाल्याने खोडी काढली, हत्तिणीला दाभण टोचलं. तिने त्याला भिंतीशी चिरडलं आणि एवढ्या गर्दीत दुसऱ्या कुणाला धक्कासुद्धा लावला नाही. पोलिसाने रोखलेली बंदूक खाली केली. सर्कशीने तिला इथेच सोडलं, तिच्याबरोबर बाबांनाही. पुढे चौदा वर्षं लोक म्हणत राहिले की मावशी फक्त खोट्यालाच मारते. भिंतीवरून भांडणारे दोन भाऊ तिच्यापुढे उभे केले गेले, आणि ज्याच्या हातचा पाव तिने घेतला नाही तो खोटा ठरला. बाबा दोर धरून शेजारी असायचे. आई थट्टेने त्यांना न्यायाधीशाचा पट्टेवाला म्हणायची. रस्त्यात माणसं त्यांना थांबून नमस्कार करायची आणि मी त्यांचं बोट धरून चालायचे, ताठ मानेने.

तू त्याच रस्त्याने मान खाली घालून जायचीस. पोरं मागून ओरडायची, "मावशी आली, दाभण लपव!"

मला फलकावर सगळं अचूक हवं होतं. दाभण नेमकं कुठे टोचलं, हे बाबांना विचारलं. एकदा म्हणाले पोटाला, दुसऱ्यांदा म्हणाले सोंडेला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ताटावरून उठून गेले. मला वाटलं, वय झालं, विसरले असतील. म्हणून मी मावशीवर उपचार करणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले. ते कुत्र्याच्या कानात औषध घालत होते. मान वर न करता म्हणाले, "टोचल्याची खूण? दुसऱ्या दिवसापासून मीच तिला तपासत होतो बाई. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मागचा डावा पाय मात्र सडला होता. नख जिवंत मांसापर्यंत कापलेलं, आत पू. तुझ्या बापाला विचार की. पायांचं काम त्याचंच होतं."

सर्कशीत हत्तीला बांधून ठेवतात, चालणं होत नाही, म्हणून त्याची नखं आणि तळवे दर काही दिवसांनी कापून घासावे लागतात. बाबांना हे काम उत्तम येतं, ते मी लहानपणापासून बघितलंय. म्हणूनच मला घरी जाववेना. पंपहाउसच्या कट्ट्यावर अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

त्या रात्री मी बाबांना पायाचं विचारलं, तर ते पाठ फिरवून झोपले. चार दिवसांनी, मी ऑफिसला निघताना चप्पल घालत होते, तेव्हा उंबऱ्यात बसून सांगितलं. नख मिरवणुकीच्या आठवडाभर आधी घाईत खोल कापलं गेलं होतं. मॅनेजरला कळलं तर हाकलेल, म्हणून लपवलं. मिरवणुकीत मावशीच्या पाठीवरची झूल उसवून लोंबायला लागली, ती नेमकी तुमच्या दुकानासमोर. बाबांनीच हाक मारली, "ओ गादीवाले, दोन टाके घाला की!" तुझे अण्णा दाभण घेऊन आले. तिच्याकडे बघून म्हणाले, "हिचा पाय दुखतोय वाटतं. टेकत नाहीये." बाबा म्हणाले, "नखरे आहेत तिचे. तुम्ही घाला टाके." पण अण्णांनी दाभण खिशात ठेवलं, खाली वाकले आणि पायाला हात लावून बघायला लागले. ती कळवळून मागे सरकली. मागे भिंत होती.

पुढचं मी पटकन लिहून टाकते, नाहीतर लिहिणार नाही. लोक दगड घेऊन धावले, पोलिसाने बंदूक काढली. कुणीतरी विचारलं, "काय केलं त्याने हिला?" बाबांनी अण्णांच्या खिशातून दाभण काढलं आणि वर धरून दाखवलं.

मी ओरडले. इतकी कधीच ओरडले नव्हते. आई स्वयंपाकघरातून आली आणि मलाच गप्प करायला लागली. तिला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाली, "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? मुकं जनावर तरी वाचलं." मी म्हटलं, तो मेला होता, पण त्याची बायको आणि मुलगी मेली नव्हती. आई म्हणाली, "तुला शिकवलं ते बापाला उभं-आडवं घ्यायला?" आणि मग दोघीही रडलो. बाबा उंबऱ्यातच होते.

आणि ठेंगू, माझंही एक आहे. चौथीत वर्गाला ती गोष्ट पहिल्यांदा मी सांगितली. तोपर्यंत ती मोठ्यांची होती. मधल्या सुट्टीत मी बाकावर चढले आणि कंपासपेटीतलं कर्कटक हवेत खुपसून दाखवलं, कसं टोचलं ते. सगळे माझ्याकडे बघत होते, मला फार छान वाटलं. तू पाणी प्यायला गेली होतीस. परत आलीस तेव्हा सगळे हसत होते. तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, काही नाही गं. नंतर पाच वर्षं तुझ्याच डब्यातलं खाल्लं. तू शाळा सोडून गेलीस त्या दिवशी 'पोरं दुष्ट आहेत' असं म्हणून तुला मिठीही मारली.

मी खरा मजकूर लिहून अध्यक्षसाहेबांना दिला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पोरी, लोक दगडाला हात जोडायला येणार. त्यांना पू आणि नखं कशाला वाचायला लावतेस?" माझा पहिला कच्चा मसुदा त्यांच्याकडे होताच. फलकावर तोच कोरला गेलाय, खाली माझ्या नावासकट. रविवारी अनावरण आहे.

तुझी क्षमा मागायला हे पत्र लिहिलं नाही. ती मागायची कशी, हे मला कॉलेजातही कुणी शिकवलं नाही. सोबत एक कागद आहे. बाबांनी सांगितलेलं सगळं मी त्यात उतरवलंय, त्यांना दोनदा वाचून दाखवलंय, आणि त्यांनी खाली सही केलीये. त्यांना तेवढीच येते. साक्षीदार म्हणून डॉक्टरांची सही आहे. हा कागद बाहेर आला तर पालिकेने बाबांना राहायला दिलेली पंपहाउसची खोली सुटेल, बाबांचा नमस्कार सुटेल, कदाचित पोलिसही येतील, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. आईने सही होईपर्यंत भिंतीकडे तोंड केलं होतं, पण पाकिटाला डिंक तिनेच लावला. दुसरी प्रत मी ठेवली नाही. ठेवली असती तर कधी बोलायचं ते पुन्हा मीच ठरवत बसले असते. तुझ्या आईला वाचून दाखव, छापायला दे, फाडून टाक, किंवा रविवारी घेऊन ये आणि सगळ्यांसमोर वाच. आलीस तर तुझ्या शेजारी उभी राहीन. नको म्हणालीस तर लांब उभी राहीन.

म्हणायचा हक्क उरला असेल तर,
तुझीच