दुपारी उतरणारा काटा

२ मे १९७९
बसवली एकदाची फळी! उन्हावर वीज देणारी, सिलिकॉनची. आता कॉलेजच्या गच्चीवर महिनाभर चाचणी. सोलापुरात उन्हाला काय तोटा? दर तासाला व्होल्टमीटरचा काटा बघून लिहायचं काम कोंडीबाकडे. आमचा हंगामी शिपाई. माझा शेरा चांगला गेला तर जूनमध्ये कायम होईल.

९ मे
सकाळी आठला साडेवीस व्होल्ट, दुपारी एकला अठरा. रोज! ऊन चढतं आणि काटा उतरतो? कोंडीबाला झापलं. "सर, काटाच खाली येतोय की. मी काय करू?" म्हणे. जिन्यात सावलीला बसून ठोकून देत असणार.

१२ मे
आज दुपारी एकला साडेएकोणीस! रागावल्यावर कसा बरोबर आला आकडा!

१४ मे
पुन्हा अठरा. शेरा लिहून दिला — ‘नोंदी विश्वासार्ह नाहीत.’

१८ मे
कोंडीबाला काढलं. गच्चीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि गेला.

२१ मे
आता मीच उन्हात उभा. दुपारी एकला अठरा.

२२ मे
अठरा!

२३ मे
फळीबरोबर आलेली पुस्तिका आज शेवटपर्यंत वाचली. सिलिकॉन तापलं की व्होल्ट उतरतात — दर अंशाला थोडे थोडे. ऊन हवं, पण ताप नको. फळीच्या पाठीला थर्मामीटर लावला — पासष्ट! वीस वर्षं पोरांना पदार्थविज्ञान शिकवतोय. पहिली दोन पानं चाळून पुस्तिका कपाटात टाकली होती मी. लाज वाटते.

२४ मे
प्राचार्यांकडे गेलो. "जागा भरली. आता काय उपयोग?" म्हणाले.
पण मग बारा तारखेचे साडेएकोणीस कुठून आले? माझ्या भीतीने ठोकलेले असणार. ती एक तरी थाप! जरा बरं वाटलं. किती हलका माणूस आहे मी.

२६ मे
अक्कलकोट रोडला गेलो. कोंडीबा तिथे एका कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे बांधतो. मला बघून उठला, बसायला स्वतःचं खोकं दिलं. माफी मागितली. तो गठ्ठ्याची सुतळी आवळत राहिला. तरीही बारा तारखेचं विचारलंच.
"त्या दिवशी डोक्यावरचा ओला टावेल फळीच्या पाठीला वाळत घातला हुता, सर. लई तापती की ती, लगेच वाळतंय. काटा वर आलेला बघितला मी. पण टावेलचं सांगितलं असतं तर तुमी आणि रागावला असता."
चहा पाजला त्याने. पैसे देऊ दिले नाहीत.

२८ मे
दुपारी एक वाजता फळीच्या पाठीला ओला टॉवेल मीच लावला. काटा हळूहळू चढला आणि साडेएकोणीसवर थांबला. कोंडीबाच्या वहीत एकही आकडा खोटा नाही. खोटा शेरा तेवढा माझ्या सहीचा.